अण्णांच्या रिक्षाचा दिवा

परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली. अण्णांनी विजेवरच्या रिक्षाची बैठक उचलली. आत १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या. एकीला वायर जोडून त्यांनी १२ व्होल्टचा, ९ वॅटचा बल्ब माझ्या पुस्तकावर टांगला.

मला वाचवेना. उद्याच्या फेऱ्यांचे पैसेच जळत होते ना! हिशेब मांडला: ४ तासांत ३६ वॅट-तास; १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १२००.

"अण्णा, फार जात नाही."

"हिशेब ऱ्हाऊ दे, वाच तू."

२०११ च्या भूकंपानंतर जपानात, २०१२ साली, मोटारीतून घराला वीज पुरवणारी यंत्रे आली, हे पुढे वाचनात आले. इथे चौथीत शाळा सोडलेले अण्णा वायरीजवळ जागत बसले होते.

सकाळी त्याच रिक्षातून त्यांनी मला कॉलेजात सोडले. ते भाडे अजून द्यायचे आहे.