हुलकावणी

आपल्याकडे आकाशकंदिलांचे सांगाडे माळ्यावरून खाली येतात, त्या दिवसांत मी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, टेंपी गावी भाच्याकडे मुक्कामाला होतो. ऊन असे की, आपली ऑक्टोबर हीट परवडली! गावात एक खडकाळ टेकडी आहे; तिच्या अंगावर भले थोरले सोनेरी ‘ए’ हे अक्षर. तिच्याच कुशीत, दोन टेकाडांच्या बेचक्यात, अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे क्रीडांगण बसवले आहे. शनिवारी संध्याकाळी भाच्याने मला तिथे सामन्याला नेले.

त्यांच्या फुटबॉलात पायाला काम थोडे, धडकांना फार. मला काही उमगेना.

“मामा, चेंडू सोडा. पुढच्या फळीमागे वाकून उभा आहे ना, त्या लाइनबॅकरकडे बघा.”

पाहिले, आणि लहानपणचे हुतूतू आठवले. समोरचे लोक चेंडू एकाला दिल्यासारखे करतात आणि देतात भलत्यालाच. या गड्याने हूल ओळखायची, खरा चेंडूवाला हेरायचा आणि त्याला लोळवायचे.

मैदानाच्या तोंडाशी एक ब्राँझचा पुतळा आहे. आत येताना खेळाडू त्याला हात लावत होते.

“हा आमचा बेचाळीस नंबर, पॅट टिलमन,” भाचा म्हणाला.

उंची सहा फुटांना इंचभर कमी. लाइनबॅकरच्या मानाने चणही लहान. तरी १९९६ साली याच मैदानावर त्याच्या संघाने नेब्रास्काच्या विजेत्या संघाला १९-० असे हरवले. पुढच्या वर्षी तो आपल्या विभागातला सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. पदवी त्याने साडेतीन वर्षांतच उत्तम गुणांनी मिळवली. मैदानाच्या दिव्यांच्या मनोऱ्यावर चढून तो विचार करीत बसे म्हणतात.

१९९८ साली धंदेवाईक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा त्याचा क्रमांक लागला दोनशे सव्विसावा! तिथेही त्याने आपली जागा मिळवली. मग २००२ साली छत्तीस लाख डॉलर्सचा करार बाजूला सारून तो धाकट्या भावासह सैन्यात भरती झाला. २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात तो मारला गेला, तेव्हा वय होते अवघे सत्तावीस.

शत्रूशी झुंजताना पडला, असे सैन्याने सांगितले. पदक दिले, शोकसभेत गौरवाची भाषणे झाली. काही आठवड्यांनी कळले की, गोळ्या आपल्याच सैनिकांच्या होत्या.

घरच्यांना वीर हवा नव्हता, खरे काय घडले ते हवे होते. आईवडिलांनी कागद धुंडाळले, चौकशीवर चौकशी करायला लावली. २००७ साली आई आणि भाऊ अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे उभे राहिले आणि आपल्याला कसे फसवले गेले, ते त्यांनी सांगितले. पदकाच्या चकाकीने ती माणसे फसली नाहीत.

“दर एप्रिलात इथे त्याच्या नावाने हजारो लोक धावतात,” भाचा सांगत होता. “चार पूर्णांक दोन मैल. बेचाळिसाचा हिशेब!”

मध्यंतर संपले. उत्तरार्धात मी चेंडूकडे बघितलेच नाही. एकदा समोरून झकास हूल आली. सगळे डावीकडे धावले. मधला तो पोरगा मात्र जागचा हलला नाही. उजवीकडून निसटणाऱ्याला त्याने कमरेत धरून आडवा केला.

भाच्याच्या आधी मीच ओरडलो, “धरला रे!”