अम्मीच्या गोळ्यांचा डबा

शाबान महिन्यातली गोष्ट. फजरच्या वुजूसाठी उठलेली अम्मी मोरीतच कोसळली. पूर्णगडात त्या वेळी जागे असतात ते खाडीवरचे मच्छीमार आणि मशिदीत जाणारे. शेजारच्या चाचांनी रिक्षा काढली आणि आम्ही तिला रत्नागिरीला नेलं. रक्तदाब ९० वर ५८! पंधरा वर्षं वाढलेल्या दाबाचं औषध घेणाऱ्या बाईचा.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुठल्या घेतात?" आम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. आम्ही तीन भावंडं: एक कुवेतला, एक मुंब्र्याला, एक अम्मीजवळ. काळजी तिघांनाही, म्हणून गोळ्याही तिघांच्या. डॉक्टर म्हणाले, "मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा." वाचता वाचता आम्हाला घाम फुटला. गावात घेतलेल्या पाकिटावर अ‍ॅम्लोडिपिन ५. मुंब्र्याच्या पाकिटावर टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५. कुवेतच्या पाकिटावर वाल्सार्टन १६० आणि पुन्हा अ‍ॅम्लोडिपिन ५. या औषधाची दिवसाची वरची मर्यादा १० मिलिग्रॅम, अम्मी १५ घेत होती. टेल्मिसार्टन आणि वाल्सार्टन एकाच गटातली; दोन्ही मिळून दाब फार उतरू शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. चौथी गोळी लघवी वाढवणारी. पावलं सुजत होती म्हणून ती आणलेली. ती सूज बहुधा अ‍ॅम्लोडिपिनचीच होती. आम्ही वयाची समजत होतो. शिवाय गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, तेही मूत्रपिंडाला जड. एवढं शिकलेलं घर, आणि पाकीट उलटून कोणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे एकत्र औषधं वाईटच की," आम्ही म्हणालो. डॉक्टर म्हणाले, तसं अजिबात नाही. दाब वाढण्याची कारणं अनेक: रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. म्हणून वेगवेगळ्या गटांतली दोन औषधं थोड्या मात्रेत दिली, तर एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दाब पुष्कळ जास्त उतरतो आणि त्रासही कमी. टेल्मिसार्टन सोबत असलं की अ‍ॅम्लोडिपिनची सूजही कमी होते. अशा दुहेरी गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. मुंब्र्याची गोळी चुकीची नव्हतीच. चूक ही, की नवी आली तेव्हा जुनी कोणी बंद केली नाही.

दोन दिवस सगळं थांबवलं, रक्त तपासलं. मूत्रपिंड शाबूत, अल्हम्दुलिल्लाह. दाब परत चढू लागल्यावर तीच एक दुहेरी गोळी सुरू झाली.

मग रमजानचा प्रश्न. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे हे अम्मीला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, पण मन ऐकेना. डॉक्टरांनी गोळी इफ्तारनंतर ठेवली आणि चक्कर आली तर रोजा सोडायचा हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. खारा बांगडा बंद, हे मात्र तिने कबूल केलं नाही.

आता डब्यात एकच पाकीट असतं. झाकणावर आम्ही मोठ्या उर्दू अक्षरांत औषधाचं नाव आणि वेळ लिहिली आहे. कुवेतहून फोन आला, "अम्मी, काय पाठवू?"

"खजूर पाठव," ती म्हणाली, "आणि दाब मोजायचं मशीन. गोळ्या इथे मिळतात."