रस्त्याचा हक्क

आठवीच्या वर्गाला निबंध द्यायचा म्हणून आम्ही फळ्यावर विषय लिहिला, ‘मोठ्या शहरांतील वाहतूक कोंडी : कारणे व उपाय’. विषय जुनाच. देऊळगाव राजातल्या आमच्या उर्दू शाळेतील निम्म्याहून अधिक मुलांनी जालन्यापलीकडचे शहर पाहिलेले नाही, तरी वह्या भरून आल्या. बहुतेकांनी गाइडमधला मजकूर उतरवला होता. लोकसंख्या वाढली, वाहने वाढली, शासनाने रस्ते रुंद करावेत. एका मुलीने मात्र सुरुवातच अशी केली होती : ‘कोंडी पाहायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. जुम्याच्या दिवशी दीड वाजता आमच्या मोहल्ल्यातील मशिदीसमोर उभे राहावे.’

पुढचे वाचून आमच्या हातातला लाल पेन थांबला. ते काय होते, ते शेवटी सांगतो. आधी मोठ्या शहरांकडे जाऊ.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धाकट्या भावाकडे पुण्याला गेलो होतो. रात्रीची एस.टी. धरली. जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर कधी मागे पडले ते झोपेत कळलेही नाही. सकाळी वाघोलीत जाग आली आणि तिथून पुढे बस जणू चालायचीच विसरली. खराडीपर्यंत आमच्या शेजारच्या बाबांनी तसबीहचे दाणे कितीदा ओढले, देव जाणे. वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते.

भाऊ कोंढव्यात राहतो आणि नोकरीला हिंजवडीला जातो. म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सकाळी सातला निघतो, रात्री नऊला परततो. आम्ही अंतर विचारले, तर म्हणाला, “भाईजान, इथे किलोमीटर कोणी मोजत नाही, तास मोजतात.” त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला आम्ही सहज विचारले, “अब्बू कधी भेटतात?” तो म्हणाला, “इतवारला.” भाऊ हसला, पण भावजय हसली नाही. वाहतूक कोंडीने पेट्रोल जळते, धूर होतो, हे पुस्तकात असते. एका मुलाचा बाप आठवड्यातून एकदाच घरी असतो, हे पुस्तकात नसते.

आता कारणांचे बघा. आम्ही मुलांना फळ्यावर साधे गणित घातले. साठ माणसे कामाला निघाली आहेत. ती एका बसमध्ये बसली, तर रस्त्याची बारा मीटर लांबी पुरते. तीच साठ माणसे साठ मोटारींत एकेकटी बसली आणि एका मोटारीची लांबी चार मीटर धरली, तर मोटारी एकमेकींना चिकटून उभ्या केल्या तरी दोनशे चाळीस मीटर रस्ता लागतो. माणसे तेवढीच, रस्ता वीसपट. गर्दी माणसांची कमी आणि पत्र्याची जास्त असते. आश्विनात आमच्या गावात बालाजी महाराजांची यात्रा भरते. तेव्हा माणसांना माणसे खेटून चालतात, पण गर्दी पुढे सरकत राहते. त्यात एक जीप घुसली की सगळे थांबते.

मग उपाय म्हणून आपण पूल बांधतो. मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळून मोहम्मद अली रोडवरून जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २००२ साली सुरू झाला. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. दक्षिण मुंबईत जाणाऱ्याची त्याने मोठी सोय केली. पण पुलाखाली रमजानच्या संध्याकाळी जाऊन बघा. हातगाड्या, टॅक्सी, दुकानांसमोर लावलेल्या गाड्या, सगळे तिथेच. पूल वरून निघून जाणाऱ्याला सोडवतो, ज्याचे काम खालीच आहे त्याला नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तर २०२० मध्ये पाडावाच लागला आणि तिथे मेट्रोसह नवा दुमजली पूल उभारण्याचे काम घेतले गेले.

जगाने दुसराही मार्ग शोधला आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये, गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी मोटार नेणाऱ्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. लंडनने २००३ मध्ये तेच केले. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी काही महिने प्रयोग केला. मध्यभागात ये-जा करणारी वाहने सुमारे एक पंचमांश घटली. सुरुवातीला नाराज असलेल्या लोकांनी पुढे मतदानात तोच नियम राहू द्या म्हणून कौल दिला.

आपल्याकडे असे करावे का? आमचे मत असे की, आधी बस द्यावी, मग पैसे मागावेत. ज्याच्या दाराशी वेळेवर बस येत नाही, तो कर्ज काढून दुचाकी घेतो. त्याच्याकडून दंड घेण्यात न्याय नाही. बस स्वस्त आणि भरवशाची केली की लोक तिच्यात बसतात, याचा अनुभव आपल्याच राज्यात आहे. जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले आणि प्रवासी झपाट्याने वाढले. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या घरातील बायका लग्नाकार्याला जीप ठरवा म्हणत नाहीत. उलट, पुण्याच्या ज्या नगर रस्त्यावर आमची बस अडकली, तिथे पूर्वी बससाठी राखून ठेवलेली मार्गिका होती. ती पुढे काढून टाकण्यात आली. मोटारींना जागा मिळाली, पण कोंडी काही सुटली नाही.

हे सारे उपाय सरकारने, महापालिकेने करायचे. आपण काय करायचे? इथे त्या मुलीच्या वहीकडे परत यावे लागते.

तिने लिहिले होते : ‘मागच्या जुम्याला माझ्या खालाला दवाखान्यात नेत होते. तिचे दिवस भरले होते. रिक्षा मशिदीसमोर अडकली. आत खुतबा चालू होता म्हणून हॉर्नही वाजवता येईना. एक काळी मोटारसायकल हँडल लॉक करून मधोमध उभी होती. चार जणांनी ती उचलून बाजूला ठेवली, तेव्हा रिक्षा निघाली. खाला रिक्षात रडत होती.’

वाचकहो, त्या जुम्याला आम्हाला उशीर झाला होता. नमाजनंतर बाहेर आलो, तर आमची गाडी नालीच्या कडेला सरकवलेली दिसली. पोरांचा खोडसाळपणा असेल म्हणून आम्ही चार शब्द बोललोही होतो. त्या मुलीने वहीत गाडीचा नंबर लिहिला नव्हता, पण आमच्या गाडीचा नंबर वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे.

रस्त्यात बसणाऱ्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचा हक्क द्यायला सांगितले आणि त्यात कोणाला त्रास न देणे हेही सांगितले. वाटेतला त्रासदायक अडथळा दूर करणे हे त्यांनी पुण्याचे काम ठरवले. हा धडा आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकवला आहे. आणि नमाजची पहिली रकअत चुकू नये म्हणून धावणारे आम्ही, स्वतःच अडथळा ठेवून आत गेलो. हुकूकुल इबादचा मामला असा की, ज्याचा हक्क मारला त्याच्याकडेच माफी मागावी लागते.

त्या संध्याकाळी आम्ही मुलीच्या घरी गेलो. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या, अल्लाहचे आभार. तिच्या खालूंना आम्ही सरळ सांगितले की ती गाडी आमची होती. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, त्या दिवशी मी फार वाईट बोललो होतो त्या गाडीवाल्याला. तुम्हीही माफ करा.” नंतर चहा आला.

आता जुम्याला आम्ही पायी जातो. बारा मिनिटे लागतात, म्हणून घरातून वीस मिनिटे आधी निघतो. मशिदीच्या ट्रस्टींशी बोललो. दारासमोर चुन्याची रेघ मारली आहे आणि तिच्याआत गाडी लावायची नाही असे ठरले आहे. ती पाळली जावी म्हणून आमच्या वर्गातली दोन मुले लवकर येऊन उभी राहतात. सगळेच ऐकतात असे नाही. मागच्या जुम्याला तीन गाड्या रेघेच्या आत होत्या. पण रिक्षा जाईल एवढी वाट मोकळी होती.

निबंधात ‘उपाय’ या शीर्षकाखाली त्या मुलीने एकच ओळ लिहिली होती, ‘गाडी लावल्यावर एकदा मागे वळून पाहावे.’ आम्ही तिला दहापैकी दहा गुण दिले आणि शेरा न लिहिता वही परत केली.