बूड बघ

मृगाचे दोन सडाके पडून गेले की नाणेघाटाच्या पायथ्याला फोडशीची रानभाजी वीतभर वर येते, आणि तिच्याच शेजारी विषारी कोळकांदाही. धोतरा, कण्हेर यांच्याबद्दल मी लिहीत बसत नाही. कळलावीच्या पानाचं टोक आकड्यासारखं वळलेलं दिसलं की नवखी पोरंही लांब होतात. माझी झोप उडवली ती या लांब हिरव्या पात्यांनी.

कोळकांद्याचं फूल पानांच्या आधी, उन्हाळ्यातच येऊन जातं. आम्ही भाजी खुडतो त्या दिवसांत ओळखीला फक्त पान उरतं. ते जरा जाड, मोडलं की रस बोटाला चिकटतो. पण भर पावसात सगळंच ओलं. बुडाशी दोन्ही पांढरट, आणि कांद्याचा वास दोघांनाही नाही.

30 वर्षं मी रानात पोरांच्या तुकड्यांपुढे उभ्या उभ्या पान बघून सांगत आलो. बसून उकरणं मला कमीपणाचं वाटायचं. मागच्यांनी ‘सरांना कसं कळतं!’ म्हणावं, ही हाव होती. गेल्या जूनमध्ये मी खुडलेल्या जुडीतून तुकडीतल्या एका मुलीने एक पातं वेगळं काढलं. “सर, हे खुडलंत तिथं खणू का?” खुरप्याच्या तिसऱ्या घावाला गरगरीत कांदा निघाला. फोडशीला मुळांचा झुबका असतो, कांदा नसतो. या कांद्याचं विष हृदयाला धरतं. उलट्या होतात, नाडी मंदावते. ती जुडी रात्री 11 जणांच्या ताटात जाणार होती.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, हे कारण खरं आहे. चष्मा पिशवीत होता आणि पोरांसमोर मी तो काढला नाही, हेही खरं.

हल्ली रानभाजीचे ट्रेक निघतात. म्होरक्या मोबाइल रोखतो आणि पानाच्या फोटोवरून नाव सांगतो. मला संताप येतो, पण तो आता पूर्वीसारखा निर्मळ राहिलेला नाही.

मुरबाडच्या बाजारात जुड्या विकणाऱ्या ठाकर मावशीला मी हे सांगितलं. “पान कशाला बगतूस? बूड बग,” एवढंच ती म्हणाली. पण बूड बघायला प्रत्येक रोप उपटायचं? फोडशीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. सफेद मुसळी म्हणून मुळांसाठी तिची इतकी उपसणी झाली की माझ्या खात्रीपायी आणखी एक रोप मारणं जिवावर येतं.

म्हणून आता गुडघे टेकतो. पात्याच्या कडेने तर्जनी मातीत खुपसतो, दोन पेरं, तीन पेरं. झुबका लागला तर वरचं खुडतो. गोल, गुळगुळीत लागलं की माती परत दाबतो. यंदा त्या मुलीचं बोट माझ्या आधी मातीत होतं.