पाजणं

इंग्रजीतली 'सोक' आणि 'ड्रेंच' ही दोन क्रियापदं मी बरीच वर्षं एकाच खुंटीला टांगली होती: भिजवणे. राजमा सोक करायचा, पावसात ड्रेंच व्हायचं. फरक असलाच तर भिजण्याचा आणि चिंब भिजण्याचा.

मग जनावरांच्या औषधाचं एक माहितीपत्रक अनुवादाला आलं. वासराला ड्रेंच करा, ३० मिली. मी लिहिलं, 'वासराला औषधाने चिंब भिजवावे.' ३० मिलीत वासराचा एक कानही धड भिजणार नाही, हे माझ्या शहरी डोक्यात आलं नाही. मसुदा सहज बाबांना वाचून दाखवला. त्यांचं लहानपण बैलांमागे गेलेलं. हसून हसून त्यांना ठसका लागला.

"अगं, पाजायचं असेल ते! आम्ही बांबूच्या नळीतून पाजायचो. मान फार वर करायची नाही, आणि खोकला की थांबायचं. नाहीतर औषध फुप्फुसात जातं."

शब्दकोश उघडला, तर बाबांचंच खरं. ड्रेंच हे मुळात ड्रिंकचं प्रयोजक रूप. पिणे-पाजणे, तसं ड्रिंक-ड्रेंच. भिजवण्याचा अर्थ नंतर चिकटला. सोकचं नातं मात्र 'सक'शी, म्हणजे चोखण्याशी. राजमा पाण्यात टाकून आपण झोपी जातो. पाणी तो स्वतः ओढून घेतो, हवं तेवढं. ड्रेंचमध्ये त्याला कोणी विचारत नाही.

दोन वर्षांनी बाबांना पक्षाघात झाला. वाचा गेली, धड गिळताही येईना. दाटसर पेज थोडी थोडी द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चमचा पुढे केला की ते तोंड फिरवायचे. मी मात्र वाटी संपवायचीच या हट्टाला पेटलेली. "एवढा एकच, बाबा." एका दुपारी त्यांची हनुवटी वर करून मी चमचा ओतलाच. ते निळे पडेपर्यंत खोकले.

श्वास जागेवर आल्यावर त्यांनी डावा हात उचलला, हलणारा तेवढाच होता. मूठ अर्धवट मिटली आणि हवेत हळूच तिरकी केली. नळी धरल्यासारखी.

वाटी मी ओट्यावर नेऊन ठेवली. संध्याकाळी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून, त्यांच्या ओठांना नुसता लावला आणि थांबले. बऱ्याच वेळाने ओठ हलले.