मिरगीची वर्गणी

गेल्या आठवड्यात संध्याकाळची ओपीडी संपता संपता एक आई आत आली. हातात वर्गणीचं पावतीपुस्तक होतं. ते टेबलावर ठेवत ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच तं म्हटलं होतं, कोणाला सांगू नका म्हणून. आता हे पोरगी गांधीबागच्या दुकानादुकानात जाऊन सांगून राहिली."

तिची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती रोज पहाटे रेशीमबागच्या मैदानावर पाच हजार मीटर धावण्याचा सराव करते. बाराव्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. गोळ्या सुरू झाल्या आणि गेल्या तीन वर्षांत एकही फिट आलेली नाही. 17 नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन. त्या दिवशी ती मैत्रिणींसोबत धावणार आहे आणि त्यानिमित्ताने कापड मार्केटमध्ये वर्गणी गोळा करते आहे. त्या पैशांतून शाळांमध्ये फिटच्या प्रथमोपचाराचे फलक लावायचे आहेत. दुकानदार विचारतात, "कशाची वर्गणी, बेटा?" ती सांगते, "मिरगीची. मलाच आहे ना, काका."

या उत्तरावरून घरात वाद पेटला होता. आई म्हणाली, "समाजसेवा करू दे, पण स्वतःचं नाव कशाला घ्यायचं? उद्या सोयरीक कशी जुळेल?"

आई खोटं बोलत नव्हती. सात वर्षांपूर्वी मी तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गोळ्या वेळेवर द्या, पळापळ बंद करा आणि बाहेर फार बोलू नका. यातला पहिला सल्ला बरोबर होता. बाकीचे दोन चुकीचे होते, हे मी तिच्यासमोर कबूल केलं.

आधी धावण्याबद्दल. व्यायामामुळे फिट येणं फार क्वचित घडतं. उलट नियमित व्यायामाने झोप सुधारते आणि मन स्थिर राहतं, त्याचा रुग्णाला फायदाच होतो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने 2016 मध्ये खेळांचे धोक्यानुसार तीन गट केले. धावणं, क्रिकेट, बॅडमिंटन हे पहिल्या, म्हणजे कमी धोक्याच्या गटात येतात. पोहणं आणि सायकलिंग दुसऱ्या गटात आहेत. फिट किती आटोक्यात आहेत ते पाहून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ते करता येतात. गिर्यारोहण, स्कूबा डायव्हिंग तिसऱ्या गटात. 1992 च्या विश्वचषकात झेप घेऊन इंझमामला धावबाद करणारा जॉन्टी ऱ्होड्स आठवतो ना? त्याला अपस्मार आहे. त्याने तो लपवला नाही, लोकांशी त्याबद्दल बोलला. 2011 मध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत जगज्जेता ठरलेला ब्रिटनचा डाय ग्रीन हाही अपस्माराचाच रुग्ण.

आता लपवण्याबद्दल. योग्य औषधांनी दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. पण त्यासाठी गोळी रोज घ्यावी लागते. लपवाछपवीत पहिला बळी जातो तो या गोळीचा. माहेरी नियमित गोळ्या घेणारी मुलगी सासरी आली की डबी दडवते, मग एखादा डोस चुकतो, मग दोन. आणि एक दिवस पेटत्या गॅससमोर फिट येते. अशा भाजलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. शिवाय फिटची काही औषधं गर्भाला अपाय करू शकतात. त्यामुळे लग्नाआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं का, ते पाहायला हवं. लपवलं तर हे बोलणंच होत नाही. म्हणून औषध स्वतःहून बंदही करायचं नाही आणि बदलायचंही नाही.

पूर्वी हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी हा आजार स्वतः सोसून 'संवेदना' हा मदतगट उभा केला. रुग्णांची लग्नं जुळवण्याचं कामही या गटाने हाती घेतलं. म्हणजे सांगूनही लग्नं होतात.

मैदानावरच्या सोबत्यांना तर हे माहीत असायलाच हवं. नाहीतर फिट आली की कोणी चप्पल हुंगवतं, कोणी कांदा फोडतं, कोणी दातांत चमचा घालतं. त्याने दात तुटतात, श्वास अडकतो. करायचं ते सोपं आहे:

• आजूबाजूच्या टोकदार, कडक वस्तू बाजूला सारा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या.
• हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही.
• झटके थांबताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल.
• घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा शुद्ध येत नसेल तर लगेच दवाखान्यात न्या.
• पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोबत थांबा.

त्या मुलीच्या फलकावर एवढंच लिहायचं आहे. मजकूर मीच तपासून दिला. तिलाही बजावलं, आदल्या रात्री जागरण नको, उपाशीपोटी धावायचं नाही आणि त्या गडबडीत गोळी चुकवायची नाही.

आईचं पूर्ण समाधान झालं, असं मी म्हणणार नाही. जाताना ती म्हणाली, "तुम्हाला सांगणं सोपं आहे, साहेब. लोकांना तोंड आम्हाला द्यावं लागते." तिचं हे म्हणणं खरं आहे. म्हणून मी वर्गणी दिली, पावतीवर माझं नाव लिहायला सांगितलं आणि 17 तारखेला मैदानावर येतो असं कबूल केलं. तेव्हा तिने विचारलं, "तिच्या कोचला हे कुशीवर वळवायचं शिकवाल का?" आता तेही करणार आहे.

तुमच्या घरी कोणाला फिट येत असतील, तर दुकानादुकानात सांगायची गरज नाही. पण वर्गशिक्षक, कोच, जवळची मैत्रीण, ऑफिसातला शेजारी, यांपैकी एकाला तरी आज सांगा, आणि वरच्या पाच गोष्टी त्याला वाचायला द्या.