प्लगचं तोंड



आपल्या कवितांत ठिणगी फार. माझ्याही कवितांत आहे, दोन-तीनदा तर शेवटच्याच ओळीत आहे. पण इंजिनातली ठिणगी कुणी पाहिलीय का म्हणून बैठकीत विचारलं तर निम्मे कार्यकर्ते एकमेकांकडं बघत बसले. आणि ह्याच पोरांच्या गाड्या रात्री-अपरात्री गावोगाव फिरतात. कुठं अत्याचार झाला की त्या वस्तीत जायचं, जबाब लिहून घ्यायचा, पहाटेच्या पाळीला परत हजर. अशा वाटेवर गाडी मिसिंग मारत बंद पडली, की ज्या गावात थांबू नये नेमकं त्याच गावच्या फाट्यावर थांबावं लागतं. तिथं मेकॅनिक मिळत नसतो. मिळाला तरी तो आपलं आडनाव आधी विचारतो, गाडीचा आजार मागून.

म्हणून हे प्लगपुराण.

गिरणीत रिंगखात्याला लागण्याआधी मी तालुक्याच्या एका गॅरेजात पोऱ्या होतो. पार्ट डिझेलात धुवायचे, पाने पुसून ठेवायचे. कार्बोरेटर खोलला की त्याचा बारीक जेट तोंडानं फुंकून साफ करतात. ते काम मला नव्हतं. जेट फुंकायला मालक आपल्या भाच्याला हाक मारायचा. का, ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचा माठ आणि माझी बाटली वेगळी होती, त्यावरून काय ते समजायचं.

पुढं गिरणीत आल्यावर वाचनात आलं, की मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचाखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपली उष्टी लाळ बाकीच्यांना चालत नसे. साचाखात्यात पगार जास्त. आपले रिंगखात्यातच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला, साचाखात्याचं दार उघडण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या म्हणून आग्रह धरला. ते वाचलं त्या रात्री मला तो जेट आठवला. धोटा गेला, जेट आला. तोंड तेच.

जेट मिळाला नाही, पण काळेकुट्ट झालेले प्लग माझ्या अंगावर यायचे, कारण ती घाण. त्या घाणीतच मी वाचायला शिकलो.

प्लग काढला की लगेच फेकायचा नाही. त्याचं तोंड बघायचं. टोक फिकट तपकिरी, दुधाच्या चहासारखं असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर कोंबलाय, नाहीतर चोक ओढलेला राहिलाय. ओला तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय. फोर-स्ट्रोकला रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिलं बघावी लागतील, नुसता प्लग बदलून भागत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळं तिथं प्लग लवकर काळा होतो. आणि पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर सावध. इंजिन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय, किंवा प्लगच चुकीचा बसवलाय.

चुकीचा म्हणजे कसा? चुडी नि लांबी बघायची. आखूड चुडीच्या जागी लांब घातला तर पिस्टन येऊन ठोकतो. आणि बघायचा नंबर. दुकानदार म्हणतो "सगळे सारखेच, न्या", पण प्लग गरम नि थंड असतात. टोक साधारण ५०० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, ८५० च्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. गंमत अशी की एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीवर चालवू नका.

काढताना इंजिन गार असू द्या. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून घ्या (आता कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही), नाहीतर खडा आत पडतो. साफ करायला तारेचा ब्रश, मग पेट्रोलनं धुऊन कोरडा. इरिडियमचा प्लग असेल तर ब्रश लावू नका, त्याचं टोक सुईसारखं नाजूक असतं.

मग गॅप. पुष्कळ मोटारसायकलींना ०.६ ते ०.८ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फिलर गेज नसेल तर दाढीचं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटरचं असतं, सहा-सात पानं एकत्र धरून अंदाज घेता येतो. वाकवायची ती बाहेरची तार. मधल्या दांडीला जोर लावला की आतली चिनीमाती तडकते नि प्लग कायमचा गेला.

ठिणगी बघायची तर प्लगला कॅप लावा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, मग किक. हातानं धरू नका, हजारो व्होल्ट असतात, आणि पेट्रोल सांडलेलं नसावं. निळसर, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली आली तर दुसरा प्लग लावून बघा. तरी तशीच आली तर दोष कॅपमध्ये, वायरीत नाहीतर कॉइलमध्ये.

बसवताना आधी दोन-तीन फेरे बोटांनीच. अडलं तर पाना लावायचा नाही, परत काढायचा. हेडची चुडी अॅल्युमिनियमची, एकदा खाल्ली की खर्च हजारांत. बोटांनी टेकला की नव्या प्लगला पान्यानं अर्धा फेरा. जुनाच परत बसवत असाल तर पाव फेऱ्याहूनही कमी, कारण त्याचं वॉशर आधीच दबलेलं असतं.

२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, जेट फुंकायचं कामच संपलं. प्लग मात्र आहे. डिकीत एक पाना, एक नवा प्लग आणि ब्लेडची पुडी ठेवा. नव्या प्लगचं रिकामं खोकं फाडू नका, त्याच्यावर नंबर असतो, पुढच्या दुकानदाराला तेच दाखवायचं.